खानझोडे डॉक्टरांची कर्जमुक्ती

कर्ज फेडल्यावर माणसाला किती आनंद होतो हे डॉक्टर जयंत खानझोड्यांना ठाऊक नव्हतं, कारण तो प्रसंग त्यांच्यावर कधी आलाच नव्हता. पण कर्ज फेडायचं नुसतं ठरवण्यातही केवढा आनंद असतो, हे त्यांना त्या रविवारी कळलं. रायपूर स्टेशनजवळच्या एका हॉटेलात डॉक्टरांसाठी अर्थनियोजनाचं शिबिर होतं. वक्ता इंदूरहून आला होता, टाय लावून आला होता, आणि दुपारच्या जेवणात पनीर होतं. डॉक्टर घरी परतले ते स्कूटर नीट स्टँडवरही न लावता तडक स्वयंपाकघरात गेले आणि बायकोला म्हणाले, "संपदा, आपण मोकळे झालो."

संपदाबाई भेंडी चिरत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "कोणी भरले?"

हा प्रश्न डॉक्टरांना मुळीच आवडला नाही. मोठ्या कल्पनेच्या पहिल्याच मिनिटाला असा प्रश्न विचारणारी बायको ज्याच्या घरात आहे, त्या माणसाने अर्थनियोजन करायचं तरी कसं? तरीही त्यांनी पाटावर बसून, भेंडीच्या देठांच्या साहाय्याने, सगळी योजना समजावून सांगितली. तीन कर्जं म्हणजे तीन देठ. तिन्ही उचलायचे आणि त्यांच्या जागी एकच देठ ठेवायचा, पण कमी व्याजाचा. एका सरकारी बँकेतून मोठं कर्ज काढायचं, त्यातून तिन्ही लहान कर्जं फेडायची, आणि मग महिन्याला एकच हप्ता. वक्त्याने हे सांगितलं तेव्हा सभागृहातले सगळे डॉक्टर टाळ्या वाजवत होते, आणि त्या टाळ्यांच्या जोरावरूनच रायपूरच्या डॉक्टरांची एकंदर अवस्था कळून आली होती.

या अवस्थेला राजधानी जबाबदार होती. छत्तीसगड वेगळं राज्य झालं, रायपूर राजधानी झालं, भोपाळहून साहेबलोकांचे ट्रक भरभरून आले, आणि त्यांच्या मागोमाग नव्या काळ्या काचांचे दवाखाने आले. ब्राह्मणपारा या जुन्या मराठी वस्तीतल्या खानझोडे दवाखान्यात तोवर दोन बाक आणि एक पंखा होता, आणि कोणाची काही तक्रार नव्हती. पण राजधानीच्या डॉक्टरकडे एक्स-रे मशीन नसावं, हे बरं दिसेना. मशीन एका खाजगी फायनान्स कंपनीकडून आलं. मशीनच्या खोलीला गारवा हवा म्हणून एसी आला, तो दुकानदाराच्या हप्त्यांवर. मग गाडी आली. गाडी ब्राह्मणपाऱ्याच्या गल्लीत शिरत नाही, हे ती आल्यावर लक्षात आलं, त्यामुळे ती तलावापलीकडे एका मित्राच्या फाटकात उभी असे आणि डॉक्टर दर रविवारी स्कूटरवर बसून तिला बघायला जात.

एसीवाला आणि गाडीवाला समजूतदार होते, पण फायनान्स कंपनी तशी नव्हती. दोन हप्ते थकले होते आणि कंपनीच्या माणसाने अगदी नम्रपणे सांगितलं होतं की पोळ्यापर्यंत पैसे आले नाहीत तर मशीन उचलून नेऊ. भर गल्लीतून, हातगाडीवर, आपल्या नावाचं मशीन चाललंय आणि दोन्ही बाजूंच्या ओट्यांवर माणसं उभी आहेत, हे दृश्य डॉक्टरांना दिवसाढवळ्या दिसू लागलं होतं. म्हणून तर ते शिबिरातून असे उडत आले होते. पोळ्याला अजून महिना होता आणि महिन्याभरात काय होऊ शकत नाही?

दुसऱ्याच दिवशी डॉक्टर सदर बाजाराकडच्या एका सरकारी बँकेत गेले. सोबत सुशील होता. सुशील म्हणजे संपदाबाईंचा धाकटा भाऊ. तो सिलतऱ्याच्या एका लोखंडाच्या कारखान्यात हिशेब बघायचा आणि म्हणून घरातल्या सर्व आर्थिक बाबतींत त्याचा शब्द शेवटचा मानला जाई. बँकेतले चंद्राकर साहेब ठेंगणे, शांत, पानाचे शौकीन. त्यांनी डॉक्टरांची मागच्या वर्षांची आयकराची विवरणपत्रं बघितली, मग दवाखान्याचं रजिस्टर बघितलं, मग पुन्हा विवरणपत्रं बघितली. मग चष्मा काढून त्यांनी विचारलं की रजिस्टरात रोज चाळीस मरीज दिसतात आणि उत्पन्न बाराच मरीजांचं दिसतं, तर उरलेल्यांचा पैसा कुठे जातो?

डॉक्टरांना क्षणभर कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यांचे कान लाल झाले. आपण कर चुकवतो असं या माणसाला वाटतंय! तीन पिढ्या रेल्वेत इमानाने नोकरी केलेल्या खानझोड्यांच्या घराण्यात पहिल्यांदाच कोणी असं विचारलं होतं. ते ताठ बसून म्हणाले, "साहब, वो लोग पैसा देते ही नहीं."

"आप माँगते हैं?" चंद्राकरांनी विचारलं.

आपण चोर नाही हे सिद्ध करायचं तर आपण मूर्ख आहोत हे सिद्ध करावं लागत होतं, आणि त्याचेही कागद हवे होते. सुशील म्हणाला, "जीजाजी का नेचर ही ऐसा है," आणि त्याने परिस्थिती आणखी बिघडवली.

आता खरं काय ते सांगायला हवं. जयंत खानझोडे डॉक्टर होऊन नागपूरहून परत आले, तेव्हा इथल्या मराठी मंडळाने त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला होता. मंडळाचे अध्यक्ष अनंतराव बोकारे, रेल्वेतून निवृत्त, डॉक्टरांच्या वडिलांचे जिवलग मित्र. त्यांनी भाषणात सांगितलं की आता आपल्या लोकांना दुसऱ्याच्या दारात जायला नको, हा आपला डॉक्टर आहे. टाळ्या पडल्या आणि त्याच टाळ्यांत डॉक्टरांचं उत्पन्न गेलं. आपला डॉक्टर म्हटल्यावर त्याला पैसे द्यायचे म्हणजे त्याचा अपमानच करायचा. लोक रिकाम्या हाताने येत नसत, हेही खरं. कोणी सांडगे आणी, कोणी लोणचं, कोणी परसातला कोहळा. घरात वर्षभर पुरून उरतील इतके पापड होते. आणि एखाद्याने खिशात हात घातलाच, तर डॉक्टर त्याचा हात धरून म्हणत, "राहू द्या हो." हे म्हणताना त्यांना जे सुख मिळे, ते फीच्या तीस रुपयांत मिळालं नसतं. पण फायनान्स कंपनी सांडगे घेत नव्हती.

चंद्राकर साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते. ते म्हणाले, मी गुरुवारी स्वतः दवाखाना बघायला येतो, लोकांशी बोलतो, आणि मग ठरवतो. डॉक्टर बाहेर पडले ते जवळजवळ नाचतच. साहेब येणार, गर्दी बघणार आणि सही करणार! त्यांनी तिथेच सुशीलला रबडी खाऊ घातली.

ही गोष्ट गुप्त ठेवायची असं ठरलं होतं. संपदाबाईंनी ती फक्त विजयाताईंना सांगितली, तीही चांगले पडदे उसने मागायचे होते म्हणून. विजयाताई मंडळाच्या महिला शाखेच्या सचिव होत्या. संध्याकाळपर्यंत ब्राह्मणपाऱ्यात ज्याला ऐकू येत होतं त्या प्रत्येकाला कळलं होतं की बँकेचा साहेब गुरुवारी डॉक्टरांचे पेशंट बघायला येणार आहे आणि पेशंट कमी दिसले तर मशीन जाणार. मग सल्ले सुरू झाले. समोरच्या कलावतीबाईंचं म्हणणं पडलं की मशीन दक्षिणेला तोंड करून ठेवलंय तिथेच सगळं चुकलं. एकाने गाडी भाड्याने चालवायला सांगितलं. दुसऱ्याने सांगितलं की साहेबाला आधी दोन तास बसवून ठेवा, मोठ्या डॉक्टरकडे तसंच असतं.

बुधवारी मंडळाची तातडीची सभा झाली. अनंतरावांनी टेबलावर थाप मारून ठराव मांडला की आपल्या डॉक्टरची अडचण ती आपली अडचण, तेव्हा उद्या सकाळी प्रत्येक घरातून किमान एक पेशंट गेलाच पाहिजे. ठराव एकमताने पास झाला. मग आजार वाटायला घेतले, आणि तिथे मात्र एकमत राहिलं नाही. मधुमेह सगळ्यांनाच हवा होता, कारण तो वजनदार आजार. खरूज कोणी घेईना. डॉक्टरांच्या कानावर हे आलं तेव्हा त्यांनी "हे काय बाप्पा भलतंच," असं म्हटलं खरं, पण त्यांचा चेहरा फुलून आला होता. इतकी माणसं आपल्यासाठी धावून येतात, या विचाराने त्यांना भरून आलं आणि त्या रात्री त्यांना छान झोप लागली.

गुरुवारी सकाळी दवाखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. साहेब येणार म्हणून मंडळी नीटनेटकी होऊन आली होती. बायका इरकली आणि पैठण्या नेसून, नथी घालून आल्या होत्या. पुरुषांनी गणपतीच्या कार्यक्रमाचे कुर्ते घातले होते. विजयाताईंनी चिवड्याचा डबा आणला होता, कारण एवढा वेळ बसायचं म्हणजे काहीतरी तोंडात हवंच. सगळे खुशीत होते, मोठमोठ्याने बोलत होते, आणि मधूनच एखाद्याला आठवण झाली की खोकत होते. मठपाऱ्याकडून रोज येणारे खरे पेशंट दारापर्यंत आले, आत बघून त्यांना वाटलं डॉक्टर साहेबांच्या घरी लग्न आहे, आणि ते नमस्कार करून परत गेले. त्यांच्यापैकी प्रत्येक जण तीस रुपये घेऊन आला होता.

चंद्राकर साहेब आले आणि बाकावर अनंतरावांच्या आणि कलावतीबाईंच्या मधोमध बसले. डॉक्टर आत पडद्यामागे उभे राहून श्वास रोखून ऐकत होते. साहेबांनी इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर सहज विचारलं की डॉक्टर कसे आहेत. बस्स. अनंतराव या प्रश्नाची रात्रभर वाट बघत होते. आपल्या डॉक्टरबद्दल जे सगळ्यांत चांगलं सांगता येईल ते सांगायचं, असं त्यांनी ठरवलंच होतं.

"साहब, देवता आदमी है," अनंतराव म्हणाले. "इतने साल हो गए, हमसे एक पैसा नहीं लिया."

पडद्यामागे डॉक्टरांनी टेबल धरलं. पण अनंतरावांना साथ मिळाली होती. कलावतीबाईंनी सांगितलं की त्यांच्या गुडघ्याचे चार फोटो काढले, त्याच मशीनवर, आणि चारही फुकट. पाचवा दिवाळीला काढणार आहेत. कोणी म्हणालं, पैसे काढले तर डॉक्टर रागावतात. कोणी म्हणालं, उलट तेच औषधं देतात. प्रत्येक जण दुसऱ्यापेक्षा जास्त फुकट काहीतरी सांगत होता, आणि सगळं खरं होतं. सबंध मंडळ मनापासून, एका आवाजात, डॉक्टरांची स्तुती करून त्यांना बुडवत होतं. विजयाताईंनी साहेबांना चिवडा दिला. साहेबांनी चिवडा खात खात सगळं लिहून घेतलं.

मग ते आत आले. डॉक्टरांना वाटलं, आता पळून जावं. पण साहेबांनी नुसता शर्टाचा हात वर केला आणि म्हणाले, आलोच आहे तर बीपी बघून द्या. डॉक्टरांनी पट्टा गुंडाळला, आणि पारा बघताच ते कर्ज, पोळा, हातगाडी सगळं विसरले. बीपी बरंच वाढलेलं होतं. त्यांनी साहेबांना आडवं केलं, पुन्हा मोजलं, झोपेचं विचारलं, मिठाचं विचारलं, पानावरून खडसावलं, गोळी लिहून दिली आणि ती रोज घ्यायची हे दोनदा सांगितलं. साहेबांनी उठून शर्ट नीट केला, खिशातून पन्नासची नोट काढली आणि टेबलावर ठेवली.

डॉक्टरांचा हात आपोआप पुढे गेला आणि त्याने नोट परत सरकवली. "अरे, राहू द्या. आपसे क्या लेना," डॉक्टर म्हणाले, आणि म्हणताक्षणीच त्यांना कळलं की आपण मेलो.

चंद्राकर साहेबांनी फाइल मिटली. ते दुःखी स्वरात म्हणाले, "डॉक्टर साहब, आपका इलाज मेरे पास नहीं है." ते उठले, आणि तेवढ्यात पडदा सरकवून संपदाबाई आत आल्या. त्यांनी टेबलावरची नोट उचलली, पदराची गाठ सोडली, त्यातून वीस रुपये काढून साहेबांच्या हातावर ठेवले.

"तीस होते हैं, साहब," त्या म्हणाल्या. "आठ दिन बाद फिर बीपी दिखाने आइए. तब भी तीस लगेंगे."

साहेबांनी विचारलं की मॅडम काय करतात. संपदाबाई म्हणाल्या, घर सांभाळते आणि ब्राह्मणपाऱ्यातल्या बायकांची भिशी चालवते. भिशीत कोणी पैसे थकवतं का, असं साहेबांनी विचारताच बाहेरच्या पैठण्यांमधून एकदम कुजबुज झाली. विजयाताईंनी तोंड आत घालून सांगितलं की थकवणार कोण बाप्पा, ही चूल पेटायच्या आत दारात येऊन उभी राहते. साहेब पुन्हा खुर्चीत बसले. त्यांनी सांगितलं की आठ दिवस गल्ल्यावर मॅडम बसतील, डॉक्टर पैशाला हात लावणार नाहीत. आठ दिवसांनी मी येऊन बघेन. पैसे जमलेले दिसले तर कर्ज मंजूर, पण कर्जदार म्हणून आधी मॅडमचं नाव, मग डॉक्टरांचं.

संपदाबाईंनी बाहेर येऊन तिथल्या तिथे जाहीर केलं, उद्यापासून सगळ्यांना तीस रुपये, एक्स-रेचे दीडशे. कलावतीबाई चिवड्याचा घास तोंडात तसाच धरून उठल्या. अनंतराव काठी उचलून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मठपाऱ्याचे पेशंट आले, पैसे देऊन गेले, पण मंडळातलं चिटपाखरू फिरकलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. डॉक्टर खिडकीतून बघायचे, तर लोक दवाखान्यासमोरून मान खाली घालून जायचे. डॉक्टरांना फार लागलं. मशीन राहिलं आणि माणसं गेली, तर उपयोग काय? ते संपदाबाईंना म्हणाले, "बंद कर हे. मशीन गेलं तर गेलं. अनंतकाका माझ्याशी बोलत नाहीत."

संपदाबाईंच्याही डोळ्यांत पाणी होतं, पण त्या गल्ल्यावरून उठल्या नाहीत. "आठ दिवस म्हणाले ना साहेब," एवढंच त्या म्हणाल्या.

त्याच संध्याकाळी काठीचा आवाज आला. अनंतराव आले होते. त्यांनी गल्ल्यासमोर उभं राहून कोटाच्या आतल्या खिशातून दहाच्या तीन नोटा काढल्या, संपदाबाईंपुढे एकेक करून ठेवल्या आणि आत आले. डॉक्टरांची नजर वर होईना. अनंतरावांनी पडदा नीट ओढून घेतला, खुर्ची टेबलाजवळ सरकवली आणि काठी भिंतीला टेकवून अगदी ऐसपैस बसले.

"काका, रागावू नका," डॉक्टर म्हणाले. "गॅसचंच ना? गोळी लिहून देतो."

"लिहू नको," अनंतराव म्हणाले. "जयंता, इतकी वर्षं तू मले फुकट पाहून राह्यला होता. म्हणून मी अर्धंच सांगत होतो. फुकटात माणसाचा किती वेळ घ्यायचा? गॅस म्हटलं की तू गोळी देत होता, मी घरी जात होतो. आज पैसे देल्ले. आज पुरं ऐक."

आणि त्यांनी पुरं सांगितलं. दिवाळीपासून जिना चढताना छातीत दाटून येतं. मंडळात येताना वाटेत तीनदा थांबावं लागतं, लोकांना वाटतं अध्यक्ष सगळ्यांची विचारपूस करत येतात. डावा हात जड होतो. घरी सांगितलं नाही, घरचे घाबरतात. डॉक्टर ऐकत होते. दर आठवड्याला हा माणूस समोर बसत होता, आणि आपण "राहू द्या हो" म्हणायचं सुख घेऊन त्याला गॅसची गोळी देत होतो! त्यांना स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. त्यांनी अनंतरावांना तपासलं, कितीतरी वेळ तपासलं, आणि छातीचा फोटो काढायला नेलं. संपदाबाईंनी मागायच्या आधी अनंतरावांनीच खिशात हात घालून विचारलं, "दीडशे ना, पोरी? घे. मग मात्र नीट काढजा म्हणा त्याले."

त्याच संध्याकाळी डॉक्टर त्यांना घेऊन हृदयाच्या डॉक्टरांकडे गेले. तलावापलीकडे उभी असलेली गाडी त्या दिवशी पहिल्यांदा कामाला आली. हृदयाचे डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत.

ही बातमी रात्रीत पसरली आणि मग ब्राह्मणपाऱ्यात जे सुरू झालं ते आवरता आवरेना. लोक तीस रुपये हातात घेऊन येऊ लागले आणि वर्षानुवर्षांचं साठलेलं सांगू लागले. कोणाला झोप येत नव्हती, कोणाला सुनेचं बोलणं लागत होतं, कोणाला रक्त पडत होतं आणि सांगायची लाज वाटत होती. प्रत्येक पेशंटला अर्धा अर्धा तास लागू लागला, आणि डॉक्टरांना दोन वेळचं जेवायला फुरसत मिळेना, पण त्यांचा उत्साह असा की जणू आजच दवाखाना उघडला आहे.

आठव्या दिवशी चंद्राकर साहेब आले. गल्ल्यावर तीस रुपये ठेवून त्यांनी नंबर घेतला आणि बाकावर बसले. या वेळी कोणी पैठणी नेसलं नव्हतं, चिवडा नव्हता, आणि खोकणारे खरोखर खोकत होते. नंबर येत नाही असं बघून त्यांनी कर्जाचे कागद गल्ल्यावरच पसरले. संपदाबाईंनी चष्मा लावून सगळे वाचले, दोन ठिकाणी प्रश्न विचारले आणि सही केली.

"अब डॉक्टर साहब के साइन," साहेब म्हणाले.

संपदाबाईंनी पडद्याकडे बघितलं. आत कलावतीबाई होत्या. गुडघ्याचं त्यांनी दहा मिनिटांतच संपवलं होतं, आणि आता त्या दुसरंच काहीतरी, फार हळू आवाजात सांगत होत्या. डॉक्टर मधे एक शब्दही न बोलता ऐकत होते. संपदाबाई म्हणाल्या, साहेब, थोडं थांबावं लागेल.